सल्ला विचारायला निघालेला मुलगा

करिअरच्या वळणावर मुलांना सल्ला देणारे शेकड्यानं भेटतात. पण मुलानं स्वतः उठून योग्य माणसाकडे जावं आणि त्या माणसानंही त्याला खरं ते सांगावं, असं क्वचितच घडतं. १९२८ साली मद्रासमध्ये ते घडलं होतं.

दहावी-बारावीचा निकाल लागला, की घरात सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. नागपूरचे काका फोनवरून बजावतात, मार्क चांगले आहेत तर सायन्सच घ्या. बडोद्याच्या मावशीच्या मते कॉमर्ससारखं सुरक्षित काही नाही. शेजारचे निवृत्त बँक अधिकारी येऊन चहा पितात आणि बँकेच्या परीक्षांचं महत्त्व सांगून जातात. ज्याच्या आयुष्याचा हा प्रश्न असतो, तो मुलगा किंवा ती मुलगी मात्र आतल्या खोलीत मोबाइलवर बोट फिरवत बसलेली असते. तिनं कुणाला काही विचारलेलंच नसतं. विचारावं तरी कुणाला, आणि कसं, हे तिला कुणी शिकवलेलं नसतं.

ही अडचण आजची नाही. अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या एका मुलाच्या घरात जवळपास शंभर वर्षांपूर्वी अगदी हीच ओढाताण चालू होती. त्या मुलाचं नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. पुढे १९८३ साली त्याला भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. पण ही गोष्ट नोबेलची नाही. ती त्याच्या घरातली आणि एका हॉटेलातल्या भेटीची आहे.

वडिलांची नोकरी, काकांची कीर्ती

चंद्रशेखर यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१० चा, लाहोरचा. वडील सी. एस. अय्यर रेल्वेच्या हिशेब खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते आणि त्या वेळी त्यांची नेमणूक लाहोरला होती. दोन मुलींच्या पाठीवर झालेला हा पहिला मुलगा. पुढे एकूण दहा भावंडांचं हे कुटुंब १९१८ मध्ये मद्रासला आलं. मुलगा पंधराव्या वर्षी प्रेसिडेन्सी कॉलेजात दाखल झाला.

त्याला गणित शिकायचं होतं. शुद्ध गणित, दुसरं काही नाही. त्याचं कारणही घरातलंच होतं. १९२० साली रामानुजन यांचं निधन झालं, तेव्हा आईनं वर्तमानपत्रातली ती बातमी त्याला सांगितली होती. आपल्याच प्रांतातला एक माणूस केंब्रिजला जाऊन जगाला थक्क करून आला, हे दहा वर्षांच्याही आतल्या त्या मुलाच्या मनात घट्ट बसलं.

वडिलांचं गणित निराळं होतं. हुशार मुलानं आय.सी.एस. व्हावं, ही त्या काळच्या प्रत्येक सुशिक्षित घरातली आस. आज जे स्थान यू.पी.एस.सी.ला आहे, त्याहून मोठं स्थान तेव्हा आय.सी.एस.ला होतं. शिवाय नुसतं गणित शिकून पोट कसं भरणार, हा प्रश्न होताच. अय्यर काही कठोर गृहस्थ नव्हते. दहा मुलांचा संसार सरकारी पगारावर चालवणाऱ्या माणसाची ती रास्त काळजी होती. अखेर तडजोड झाली आणि मुलानं भौतिकशास्त्राचं ऑनर्स घेतलं. त्यानंही आपली वाट सोडली नाही. नाव भौतिकशास्त्रात घातलं आणि गणिताच्या तासांनाही तो जाऊन बसू लागला.

या घरात आणखी एक सावली होती, काकांची. सी. व्ही. रामन हे अय्यर यांचे धाकटे भाऊ. त्यांनीही आधी सरकारी अर्थखात्याची परीक्षा दिली होती आणि कोवळ्या वयात कलकत्त्याला मोठ्या पगाराची नोकरी धरली होती. नंतर तीच सुरक्षित नोकरी सोडून १९१७ मध्ये ते कमी पगारावर प्राध्यापक झाले. म्हणजे एकाच घरात दोन भाऊ आणि दोन वाटा. मुलगा कोणाकडे बघणार?

१९२८ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तो कलकत्त्याला काकांच्या प्रयोगशाळेत गेला. त्याच वर्षी २८ फेब्रुवारीला ‘रामन परिणाम’ जाहीर झाला होता आणि तिथलं वातावरण भारून गेलं होतं. पण प्रयोगशाळेतलं हातकाम आपल्या हाताचं नाही, हे तिथंच त्याच्या लक्षात आलं. नामवंत काका असूनही त्यांची वाट आपली नाही, हे सतराव्या वर्षी उमगणं लहान गोष्ट नव्हे. डॉक्टरांच्या आणि वकिलांच्या घरातल्या किती मुलांना हे तिशीत कळतं!

हॉटेलातली भेट

त्याच वर्षाच्या उत्तरार्धात जर्मनीचे प्राध्यापक आर्नोल्ड सोमरफेल्ड भारताच्या दौऱ्यावर आले. वय साठीला टेकलेलं. अणूच्या रचनेवरचा त्यांचा ग्रंथ तेव्हा जगभर प्रमाण मानला जाई. प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांचं व्याख्यान झालं. चंद्रशेखरनं त्यांचं पुस्तक आधीच स्वतःच्या जिवावर वाचून काढलं होतं. त्यानं भेटीची वेळ मागितली आणि दुसऱ्या दिवशी तो त्यांच्या हॉटेलात हजर झाला.

आपल्याला अणुविज्ञान बऱ्यापैकी येतं, अशी त्याची समजूत होती. कॉलेजात त्याच्याइतकं वाचलेला कोणी नसावा, तेव्हा ती समजूत साहजिकच होती. सोमरफेल्ड यांनी त्याचं नीट ऐकून घेतलं आणि सौम्य शब्दांत सांगितलं, की तू जे वाचलंस ते आता जुनं झालं. श्रोडिंजर, हायझेनबर्ग, डिरॅक, पाउली यांच्या कामानं गेल्या दोन-तीन वर्षांत सगळं भौतिकशास्त्रच पालटून गेलं आहे. मग त्यांनी विचारलं, सांख्यिकीचं काय वाचलंस? मुलानं जे माहीत होतं ते सांगितलं. तेही बदललं आहे, असं उत्तर आलं.

ज्या ग्रंथाच्या बळावर तो मुलगा तिथं गेला होता, तो ग्रंथ मागे पडला हे त्या ग्रंथाचा कर्ताच त्याला सांगत होता. पोराचा चेहरा पडला असेल, यात नवल नाही.

पण सोमरफेल्ड तिथं थांबले नाहीत. धातूंमधल्या इलेक्ट्रॉनांविषयी नव्या सांख्यिकीच्या आधारानं लिहिलेल्या, अजून प्रसिद्धही न झालेल्या आपल्या निबंधाची मुद्रितं त्यांच्याजवळ होती. ती त्यांनी त्या मुलाच्या हाती ठेवली. छापखान्यातून आलेले ते कच्चे कागद घेऊन चंद्रशेखर घरी आला आणि कामाला लागला.

काही महिन्यांतच त्यानं ती नवी सांख्यिकी आत्मसात केली आणि तिचा वापर करून स्वतःचा एक निबंध लिहिला. तो कुणाला पाठवायचा, याचंही उत्तर त्यानं ग्रंथालयातच शोधलं. केंब्रिजचे राल्फ फाउलर यांनी हीच सांख्यिकी ताऱ्यांना लावून दाखवली होती. ते त्याच्या वाचनात आलं आणि जानेवारी १९२९ मध्ये त्यानं निबंध थेट फाउलर यांनाच धाडला. ओळख ना पाळख. फाउलर यांच्यामार्फत तो त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. लेखक अजून बी.एस्सी.सुद्धा झालेला नव्हता.

सोमरफेल्ड यांची ती भेट आपल्या वैज्ञानिक आयुष्यातली फार मोठी घटना होती, असं चंद्रशेखर म्हातारपणीही मानत.

त्यांनी काय सांगितलं, काय नाही

त्या भेटीत जे सांगितलं गेलं नाही, तेही पाहण्यासारखं आहे. तू भौतिकशास्त्रातच राहा, आय.सी.एस.चा नाद सोड, वडिलांचं ऐकू नकोस, यातलं काही सोमरफेल्ड यांनी सांगितल्याचं आढळत नाही. मुलाच्या आयुष्याचा निर्णय त्यांनी आपल्या हाती घेतला नाही. विषय आज कुठे पोहोचला आहे, मुलगा कुठे उभा आहे आणि मधलं अंतर कशानं तोडता येईल, एवढंच त्यांनी दाखवलं.

याच्या उलट उदाहरण मायकेल फॅरडेचं. लंडनला पुस्तकबांधणीचं काम करणारा हा गरीब तरुण १८१२ साली हंफ्री डेव्ही यांची व्याख्यानं ऐकायला जाऊ लागला. त्यांच्या सुबक टिपणांचा बांधलेला ग्रंथ त्यानं डेव्ही यांना पाठवला आणि विज्ञानात काम मागितलं. डेव्ही प्रेमानं बोलले, पण सल्ला असा दिला, की तू आपला बांधणीचा धंदाच धरून राहा. सल्ला हिताचाच होता, फक्त तो फॅरडेला लागू नव्हता. सुदैवानं काही महिन्यांतच डेव्ही यांच्या प्रयोगशाळेतल्या मदतनिसाला मारामारीवरून काढावं लागलं. डेव्ही यांना त्या पोराची आठवण झाली आणि मार्च १८१३ मध्ये फॅरडे कामावर रुजू झाला. त्यानं टिपणं पाठवली नसती, तर आठवण तरी कुणाची होणार होती?

मुलींना तर दारच बंद

चंद्रशेखरला निदान दार ठोठावता आलं. त्याच्याच पिढीतल्या एका मराठी मुलीला काय करावं लागलं, तेही ऐकण्यासारखं आहे. कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी. लेखिका दुर्गा भागवत यांची ही धाकटी बहीण. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी.ला पहिली येऊन तिनं बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटकडे अर्ज केला. तिचे वडील आणि काका दोघंही त्याच संस्थेत शिकलेले होते. तिथले संचालक तेव्हा दुसरे कुणी नसून सर सी. व्ही. रामनच होते. मुलगी आहे, एवढ्याच कारणावरून त्यांनी तिला नाकारलं.

कमला रडत घरी बसली नाही. ती बंगलोरला गेली, समोर उभी राहिली आणि कारण विचारलं. शेवटी एक वर्ष उमेदवारीवर, नाना अटी घालून तिला घेण्यात आलं. तिथं श्रीनिवासय्या यांच्यासारखे कडक पण मनापासून शिकवणारे गुरू तिला लाभले. वर्षभराचं काम पाहिल्यावर रामन यांचं मत बदललं आणि मुलींसाठी त्या संस्थेचं दार उघडलं. १९३९ मध्ये तिला केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली.

आज हे वाचून हसू येईल. पण पुण्याच्या खडकवासल्याच्या एन.डी.ए.त मुलींची पहिली तुकडी दाखल व्हायला २०२२ साल उजाडावं लागलं, तेही सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर. तेव्हा मुलीनं एखाद्या क्षेत्राची चौकशी करायची म्हटली, की ‘ते मुलींचं काम नाही’ असं सांगणारा पहिला माणूस घरातलाच तर नाही ना, एवढं तपासून घ्यायला हरकत नाही.

तुमच्या मुलानं कुणाकडे जावं?

प्रत्येक गावात सोमरफेल्ड कुठून येणार, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला जगप्रसिद्ध माणूस लागतच नाही. त्याला ते काम रोज करणारा माणूस हवा असतो. मुलाला आर्किटेक्ट व्हायचं असेल, तर शहरातल्या एखाद्या आर्किटेक्टच्या कचेरीत त्यानं दोन तास नुसतं बसून यावं. परिचारिका व्हायचं म्हणणाऱ्या मुलीनं रात्रपाळी करून आलेल्या सिस्टरशी बोलावं. सी.ए. व्हायचं असेल, तर सी.ए.कडे तर जावंच, पण त्याच्या ऑफिसात आर्टिकलशिप करणाऱ्या मुलाशी जरूर बोलावं. वीस वर्षांपूर्वी यशस्वी झालेल्या माणसाला परीक्षेचा आजचा कागद कसा असतो ते ठाऊक नसतं. ते त्या मुलाला ठाऊक असतं, आणि नापास झाल्यावर घरी काय झालं तेही तोच सांगेल.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांत एक वेगळीच अडचण दिसते. इंदूर, हैदराबाद, बेळगाव किंवा दिल्लीत राहणारे आईवडील सल्ल्यासाठी पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडे बघतात. त्या सल्ल्यात माया असते, पण प्रवेशाचे नियम राज्याराज्यांत वेगळे. तिथल्या जागा, तिथला कोटा, तिथली फी यांची माहिती तिथल्याच माणसाकडून घ्यायला हवी, मग तो मराठी असो वा नसो.

मुलानं जाताना मोकळ्या हातानं जाऊ नये. ‘मी काय करू?’ हा प्रश्न घेऊन गेलेल्या मुलाला कुणीही चांगला माणूस नीट उत्तर देऊ शकत नाही. चंद्रशेखर पुस्तक वाचून गेला होता, फॅरडेनं टिपणं पाठवली होती. मुलानं त्या क्षेत्राची थोडी माहिती काढावी आणि प्रश्न वहीत लिहून न्यावेत. ‘या कामातला कंटाळवाणा भाग कोणता?’ हा प्रश्न जरूर असावा, कारण झगमग तर टीव्हीवरही दिसते. ‘पहिल्या पाच वर्षांत घरच्यांवर किती अवलंबून राहावं लागतं?’ हेही विचारावं. पैशाचा प्रश्न विचारणं असभ्य आहे, असं आपण मुलांना उगाच शिकवून ठेवलं आहे.

काही प्रश्न वेळेवर विचारले नाहीत, तर फार महागात पडतात. एन.डी.ए.च्या लष्कर विभागासाठी बारावी कोणत्याही शाखेची चालते, पण हवाई दल आणि नौदल विभागांसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. अकरावीला गणित सोडून बसलेल्या मुलाला हे बारावीनंतर कळलं तर काय उपयोग? वैमानिक किंवा बोटीवरचा अधिकारी होण्यासाठी दृष्टीच्या, रंग ओळखण्याच्या कसोट्या असतात. क्लासची भरमसाट फी भरण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एक खेप घातली, तर घरातला पैसा आणि मुलाची दोन वर्षं दोन्ही वाचतात.

अभिक्षमता चाचणीबद्दल पालक नेहमी विचारतात. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्था अशा चाचण्या घेतात. प्रशिक्षित मानसतज्ज्ञांकडून करून घेतलेली चाचणी उपयोगाची असते, पण ती म्हणजे जन्मपत्रिका नव्हे. मुलाचा कल साधारण कुठे आहे हे ती दाखवते, पुढचं बोलणं मुलाशीच करायचं असतं. मात्र मोफत मार्गदर्शन म्हणून बोलावून शेवटी ठराविक क्लासचा किंवा ठराविक खासगी कॉलेजचा अर्ज पुढे सरकवणाऱ्यांपासून सावध राहावं. सल्ला देणाऱ्याला आपल्या निर्णयातून काही मिळणार आहे का, हे सरळ विचारावं. ज्याच्या मनात काळंबेरं नाही, तो रागावत नाही.

आणखी एक गोष्ट आईवडिलांनी मुलांच्या कानावर घालावी. भेट त्या व्यक्तीच्या कामाच्या जागी, दिवसाउजेडी, घरच्यांना सांगून व्हावी. मार्गदर्शन करतो म्हणून कुणी वेगळ्या जागी बोलावलं, भेट घरच्यांपासून लपवायला सांगितली, तर ते मार्गदर्शन नव्हे. हे मुलींइतकंच मुलांनाही सांगायला हवं.

आणि आईवडिलांनी सोबत जावं का? दारापर्यंत जरूर जावं. आत बसून मुलाच्या वतीनं बोलू नये. पुष्कळ घरांत असं होतं, की प्रश्न मुलाला विचारला जातो आणि उत्तर आई देते.

मोठा माणूस चुकला तर?

चंद्रशेखरच्या आयुष्यात याचाही अनुभव आला. केंब्रिजला सर आर्थर एडिंग्टन हे ज्योतिर्विज्ञानातलं सर्वांत मोठं नाव. त्यांचा ग्रंथ चंद्रशेखरला मद्रासला असताना स्पर्धेत बक्षीस मिळाला होता. केंब्रिजमध्ये ते त्याच्या खोलीवर येत, कामाची विचारपूस करत. आणि ११ जानेवारी १९३५ ला, ताऱ्यांच्या अंताविषयीचं आपलं संशोधन चंद्रशेखरनं लंडनच्या सभेत मांडलं, तेव्हा याच एडिंग्टन यांनी उभं राहून सर्वांसमोर त्याची खिल्ली उडवली. मोठमोठ्या शास्त्रज्ञांना खासगीत चंद्रशेखरचं म्हणणं पटत होतं, पण उघडपणे बोलायला कोणी पुढे आलं नाही.

चंद्रशेखर यांनी भांडण वाढवलं नाही. त्या विषयावर ग्रंथ लिहून पुरा केला, तो १९३९ मध्ये निघाला, आणि ते दुसऱ्या विषयाकडे वळले. एडिंग्टन यांच्याशी बोलणंही तोडलं नाही. ज्या मर्यादेची थट्टा झाली, ती आज ‘चंद्रशेखर मर्यादा’ म्हणून विज्ञानाच्या पुस्तकांत आहे.

हे सगळं पुढचं. त्याआधीची घरातली एक गोष्ट राहिली.

आईचा निर्णय

१९३० मध्ये चंद्रशेखर पदवीधर झाला आणि इंग्लंडला जाण्यासाठी त्याला सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. त्या वेळी आई सीतालक्ष्मी फार आजारी होत्या. पुन्हा भेट होईल याची खात्री नव्हती. नातेवाइकांचं म्हणणं पडलं, की अशा वेळी थोरल्या मुलानं घर सोडू नये. मुलाचाही पाय निघत नव्हता.

या बाई मोठ्या जिद्दीच्या होत्या. संसाराच्या रगाड्यात त्यांनी इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाउस’ या नाटकाचं तमिळ भाषांतर केलं होतं. आय.सी.एस.चा विषय निघाला, तेव्हाही मुलानं आपल्या मनाला पटेल तेच करावं, अशी बाजू त्यांनीच घेतली होती. आताही निर्णय त्यांनीच दिला. मुलगा जगासाठी जन्मला आहे, एकट्या माझ्यासाठी नाही, असं त्यांनी घरच्यांना सांगितलं आणि त्याला निघायला लावलं.

३१ जुलै १९३० ला चंद्रशेखर मुंबईहून ‘पिल्स्ना’ या बोटीनं निघाला. बोट व्हेनिसला पोहोचेपर्यंतच्या दिवसांत त्यानं डेकवर बसून ताऱ्यांचं ते गणित मांडलं. सोमरफेल्ड यांच्याकडून समजलेली सांख्यिकी त्यात होती आणि फाउलर यांचं कामही होतं. १९ ऑगस्टला तो लंडनला उतरला.

सीतालक्ष्मी मे १९३१ मध्ये वारल्या. चंद्रशेखर तेव्हा केंब्रिजला होता.